तेवीस गुंठ्यांचं पाणी

मे महिन्यात भुसावळहून तापीचा पूल ओलांडून यावलच्या बाजूला निघालं, की डोळ्यांना एक गंमत दिसते. ऊन पंचेचाळीसच्या घरात, कापूस निघून गेलेली काळी रानं भेगाळलेली, आणि मधेच एकाएकी गर्द हिरवी केळीची बाग. कडेला शेवरी लावलेली, नाहीतर वाऱ्याला अडवायला हिरवी जाळी बांधलेली. बागेत शिरलं की अंगावरचा घाम सुकतो. हा गारवा फुकटचा नाही. ऐन उन्हाळ्यात वाढत्या केळीच्या एका झाडाला ठिबकनं दिवसाला वीसेक लिटर पाणी द्यावं लागतं.

वीस लिटर हा आकडा लक्षात ठेवायचं कारण वेगळंच आहे. युद्धामुळे किंवा छळामुळे देश सोडून आलेल्या निर्वासितांची छावणी उभारताना संयुक्त राष्ट्रांची निर्वासित यंत्रणा एका माणसामागे दिवसाला जे पाणी धरते, तेही वीस लिटरच. पिणं, स्वयंपाक, आंघोळ, भांडी, धुणं सगळं त्यात आलं. म्हणजे मे महिन्यातलं रावेर-यावलचं केळीचं एक झाड आणि छावणीतला एक माणूस, दोघांचा कोटा सारखा.

आपल्याकडे केळी पाच बाय पाचवर लावतात. एका झाडाला पंचवीस चौरस फूट जागा. हजार झाडं म्हणजे पंचवीस हजार चौरस फूट, म्हणजे तेवीस गुंठे. हजार माणसांची वसाहत उभी करायची, तर तिला लागणारं रोजचं पाणी हे तेवीस गुंठे केळीच्या मे महिन्यातल्या पाण्याएवढं. ऐकून शेतकरी हसेल. एवढंसं पाणी तर शेजाऱ्यानं मागितलं तरी कुणी देईल.

मग जगभर निर्वासितांच्या छावण्यांत पाण्यावरून इतकं का बिघडतं? आणि आपल्याकडे धरणांखाली गेलेल्या गावांच्या नव्या गावठाणांत टँकरची वाट का बघावी लागते? हा लेख त्या प्रश्नांमागं जाण्यासाठी आहे. निर्वासितांच्या मोठ्या छावण्या खानदेशात नाहीत. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांच्या वसाहती जळगावात आणि भुसावळात वसल्या, पण त्या शहरांच्या पोटात वसल्या आणि शहरांच्याच नळावर जगल्या. विस्थापितांची वसाहत मात्र खानदेशाला चांगलीच ठाऊक आहे. तापी आणि पूर्णेच्या संगमाखाली बांधलेलं आमचं हतनूर धरण १९८२ साली पुरं झालं. त्याच्या फुगवट्यानं मुक्ताईनगर-रावेर भागातली गावं उठली. त्या पाण्यावर भुसावळची रेल्वे, दीपनगरचं वीज केंद्र आणि वरणगावचा आयुध कारखाना चालतो. आणि पलीकडे, सातपुड्याच्या पश्चिम टोकाला, तळोदा आहे.

तळोद्याची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी.

सरदार सरोवर धरणामुळे महाराष्ट्रातली ३३ गावं बाधित झाली. सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी या तालुक्यांतली. तेव्हा हे तालुके धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार वेगळा झाला १९९८ साली. नर्मदेच्या काठावरच्या डोंगरउतारांवर राहणारे भिल्ल, पावरा, तडवी लोक. पाणी म्हणजे नदी, नाहीतर डोंगरातला झरा, नाहीतर नाल्याच्या वाळूत हातानं उकरलेला झिरा. या माणसांना वसवण्यासाठी केंद्रानं तळोद्याच्या जंगलातली २,७०० हेक्टर जमीन १९९० साली मोकळी करून दिली. पुढं १९९४ मध्ये आणखी १,५०० हेक्टर. रेवानगर, नर्मदानगर अशी नावं घेऊन नव्या वसाहती उभ्या राहिल्या. नदी सुटली, पण नाव सोबत आलं. रेवा म्हणजे नर्मदाच.

या वसाहतींसाठी पाण्याचं गणित आधीच कुणीतरी मांडून ठेवलं होतं. नर्मदा पाणी तंटा लवादानं १९७९ साली जो निवाडा दिला, त्यात पुनर्वसन गावांना काय काय द्यायचं याची यादी आहे. शंभर कुटुंबांमागे एक प्राथमिक शाळा, पाचशे कुटुंबांमागे एक पंचायतघर, एक दवाखाना, एक गावतळं. आणि दर पन्नास कुटुंबांमागे पिण्याच्या पाण्याची एक विहीर, हौदासकट.

मला तो हौद फार आवडतो. न्यायाधीशांच्या खंडोगणती कागदांत, दशलक्ष एकर-फुटांच्या भांडणात, कुणालातरी गुरं आठवली. डोंगरातून खाली आलेला माणूस एकटा येत नाही, बैलजोडी आणि शेळ्या घेऊन येतो, आणि त्यांना तहान माणसाहून जास्त लागते. माणशी लिटर मोजणाऱ्या तक्त्यांत हे जित्राब हमखास गळतं. मग विहिरीच्या काठावरच गुरं पाजली जातात, चिखल होतो, शेणमुताचं पाणी पुन्हा विहिरीत उतरतं. हौद विहिरीपासून चार हात लांब असला की अर्धा रोग टळतो.

आता पन्नास कुटुंबं म्हणजे पाच जणांच्या हिशेबानं अडीचशे माणसं. जगभरातल्या मदत संस्था आज ज्या किमान निकषांवर छावण्या तोलतात, ते 'स्फिअर' नावाने ओळखले जातात. त्यांत उघड्या विहिरीमागे ४०० माणसं धरली आहेत, हापशामागे ५००, नळाच्या एका तोटीमागे २५०. पाणी घरापासून ५०० मीटरच्या आत हवं. माणशी किमान १५ लिटर. म्हणजे कागदावर तरी आमचा १९७९ चा लवाद या निकषांहून उदार निघाला.

'स्फिअर' आलं कुठून, हे सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. जुलै १९९४. रवांडातल्या हत्याकांडानंतर काही दिवसांत लाखो माणसं सीमा ओलांडून झाईरमधल्या गोमा गावाशी येऊन थडकली. गोमा ज्वालामुखीच्या लाव्हावर वसलेलं. त्या कोवळ्या, कठीण दगडात ना विहीर खणता येई, ना संडासाचा खड्डा, ना कबर. पावसाचं पाणी भेगांतून थेट खाली निघून जाई. जवळ होतं ते किवू सरोवर. लोक तिथूनच पाणी आणत आणि तिथंच सगळं सांडत. पटकी पसरली, मागोमाग हगवण. पहिल्या महिनाभरात सुमारे ५०,००० माणसं गेली. मदत संस्था तिथं पुष्कळ होत्या. पण कोण किती पाणी देणार, कुठं देणार, किती पुरे, याचं एक माप कुणाकडेच नव्हतं. त्या धक्क्यातून १९९७ साली 'स्फिअर'चं काम सुरू झालं.

आपला दगडही लाव्हाच. पण सहा-साडेसहा कोटी वर्षांचा, पिकलेला. वरचा थर कुजून मुरूम झालेला, मधे भेगा, मधे लाल मातीचे पट्टे. गोम्यात जे जमलं नाही ते इथं जमतं, मात्र कुठंही नाही. पाणी कुठं साठतं हे त्या त्या जागेचा दगड ठरवतो. आणि खानदेशात तर पंचवीस-तीस किलोमीटरमध्ये जमीन तीनदा बदलते.

भुसावळच्या दक्षिणेला, जामनेर-बोदवडच्या बाजूला, काळा पाषाण. विहीर तीस-चाळीस फूट, मुरमातून पाझर, खाली टणक खडक लागला की काम थांबतं. दसऱ्याला काठोकाठ, होळीला तळ दिसतो. तापीच्या दोन्ही काठांना गाळाची जमीन. नदीनं आणि पुरांनी लाखो वर्षं आणून टाकलेली माती, रेती, पुन्हा चिकणमाती, पुन्हा रेती. रेतीच्या थरात पाणी, चिकणमातीच्या थरात काही नाही. आणि उत्तरेला, सातपुडा जिथं मैदानाला टेकतो तिथं, बझाडा. हा शब्द स्पॅनिश. भूगर्भशास्त्रातून आमच्याकडे आला आणि कृषी खात्याच्या बैठकांतून शेतकऱ्यांच्या तोंडी बसला. डोंगरातून धावत आलेल्या नद्या मैदानात शिरताच दम टाकतात आणि वाहून आणलेले गोटे, खडी, जाड रेती पायथ्याशीच सोडून देतात. त्यांचा डोंगराला लागून पूर्व-पश्चिम पट्टा तयार होतो. सुकी, भोकर, मोर, गूळ, अनेर या नद्यांचं पाणी या खडीत गपकन मुरतं. पावसाळ्यातसुद्धा डोंगराजवळ खळाळणारा ओढा चार किलोमीटर खाली कोरडा दिसतो. नदी चोरीला गेली, असं वाटावं.

पाणी मुरवण्यासाठी यापेक्षा चांगली जमीन नाही. आणि वसाहत टाकण्यासाठी यापेक्षा फसवी जमीन नाही. कारण जे पाणी पटकन मुरतं ते पटकन खोलही जातं. वर गोटे, खाली पाणी कुठं तरी दोनशे फुटांवर, तीनशे फुटांवर. चाळीस वर्षांपूर्वी ज्या विहिरींवर मोटेच्या जागी इंजिन बसलं, त्या विहिरी आज कोरड्या खड्ड्यांसारख्या पडून आहेत. त्यांच्या शेजारी ट्यूबवेल, तिच्या शेजारी आणखी खोल ट्यूबवेल. रावेर आणि यावल तालुक्यांची नावं भूजलाच्या अतिशोषित यादीत वर्षानुवर्षं येत राहिली आहेत. तळोदा, शहादा हे याच पायथ्याच्या पट्ट्याचं पश्चिमेकडचं अंग.

इथं हापशाचा विषय निघतो, आणि त्यात एक आपल्या अभिमानाची गोष्ट आहे. आफ्रिकेतल्या कितीतरी निर्वासित छावण्यांत 'इंडिया मार्क टू' नावाचा हापसा चालतो. त्याचं मूळ महाराष्ट्रात. पूर्वीचे हापसे बिडाचे, घरगुती वापराचे. गावानं दिवसभर हापसले की महिन्यात मोडत. जालन्याच्या आणि सोलापूरच्या मिशन कार्यकर्त्यांनी खोल बोअरवर टिकेल असा पोलादी हापसा जुळवला. 'जालना पंप' आणि 'सोलापूर पंप' ही त्याची नावं. पुढं १९७०च्या दशकात युनिसेफच्या पुढाकारानं सोलापूर पंपाचंच सुधारलेलं रूप म्हणजे 'इंडिया मार्क टू'. दुष्काळी मराठवाड्यानं आणि सोलापूरनं गरजेपोटी घडवलेली वस्तू सुदान, युगांडापर्यंत पोचली.

पण या हापशाची एक मर्यादा आहे. पाणी साधारण पन्नास मीटरच्या खाली गेलं की तो उपसायला जड होतो. बाई दांड्याला लटकली तरी धार येत नाही. म्हणजे बझाड्यावर वसाहत टाकून 'पाचशे माणसांना एक हापसा' हा निकष लावला, तर कागद पुरा होईल आणि घागर रिकामी राहील. तिथं सबमर्सिबल लागणार, म्हणजे वीज लागणार, वीजबिल कुणी भरायचं हे ठरवावं लागणार, मोटार जळली तर कुणाला फोन करायचा हेही. पाण्याच्या योजना या शेवटच्या दोन प्रश्नांवरच मरतात. मोठ्या अडचणींवर बैठका होतात. जळालेल्या मोटारीवर होत नाहीत.

आता गणिताकडे परत येऊ. हजार माणसांना माणशी २० लिटर म्हणजे रोजचे २० घनमीटर, वर्षाचे ७,३०० घनमीटर. आमच्याकडे पाऊस सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास. काळ्या पाषाणाच्या जमिनीत त्यातला ढोबळमानानं दहावा हिस्सा खाली उतरतो असं धरलं, तर सत्तर मिलिमीटर. ७,३०० घनमीटर पाणी दरवर्षी मुरायचं, तर त्यासाठी सुमारे साडेदहा हेक्टर, म्हणजे सव्वीस एकर जमिनीवरचा पाऊस लागतो. तेवीस गुंठ्यांच्या पाण्यामागे सव्वीस एकरांचा पाझर. आणि वसाहत दहा वर्षांनीही तिथंच राहिली, तर माणसं वीस लिटरवर थोडीच थांबणार. जलजीवन मिशन खेड्यातल्या माणसाला ५५ लिटर धरतं. त्या हिशेबानं वर्षाला वीस हजार घनमीटर, सुमारे एकाहत्तर एकरांचा पाझर.

वसाहती तात्पुरत्या म्हणून टाकल्या जातात आणि कायमच्या होतात, हा अनुभव जुना आहे. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर जवळपास एक लाख सिंधी निर्वासित उतरवले. १९४९ साली त्या छावणीला उल्हासनगर नाव मिळालं. पुढं तिथं शहरच झालं. केनियातलं दादाब १९९१ साली सोमालियातून आलेल्यांसाठी थोड्या काळापुरतं म्हणून उघडलं. त्या छावणीत जन्मलेल्यांना आता मुलं झाली आहेत. सगळी माणसं मेर्ती नावाच्या एकाच भूजलसाठ्यावर जगतात. म्हणून पहिल्या दिवशी बोअर घेणाऱ्यानं पंधरा वर्षांनंतरची पाणीपातळी डोळ्यांसमोर ठेवायला हवी. तसं करायला पहिल्या दिवशी कुणाला वेळ नसतो, हेही खरंच.

वेळ नसला की काय होतं ते बांगलादेशात दिसलं. २५ ऑगस्ट २०१७ नंतर काही महिन्यांत सात लाखांवर रोहिंग्या कॉक्स बझारच्या टेकड्यांवर आले. ज्याला जमेल त्यानं, जमेल तिथं, उथळ ट्यूबवेल मारली. संस्थांना अहवालात 'इतक्या हजार ट्यूबवेल' असं लिहिता आलं. पण त्या झोपड्यांच्या गर्दीत संडासांना खेटून होत्या. पुष्कळ लवकरच आटल्या किंवा नासल्या. मग थांबून भूगर्भ तपासला गेला. उखियाच्या बाजूला खोलवर चांगलं पाणी निघालं, तिथं मोजक्या खोल ट्यूबवेल, सौरपंप, टाकी, क्लोरिन आणि तोट्या अशी रचना आली. दक्षिणेला टेकनाफकडे मात्र तसा खोल साठाच नाही. तिथं टेकड्यांच्या घळीत पावसाचं पाणी अडवून ते शुद्ध करावं लागलं. एकाच संकटातली, एकाच जिल्ह्यातली माणसं, पण खालची जमीन वेगळी म्हणून उत्तर वेगळं. जामनेर आणि यावलमध्ये जेवढा फरक, तेवढाच.

मग नेमकं करायचं काय? आमच्या भागापुरतं बोलतो.

जागा बघायला मे महिन्यात जावं. जानेवारीत कुठलीही विहीर शहाणी दिसते. आसपासच्या चार विहिरींवर बसावं, गावातल्या म्हाताऱ्यांना विचारावं, बहात्तरच्या दुष्काळात कुठल्या विहिरीनं गाव जगवलं. हे उत्तर गावाला तोंडपाठ असतं, आणि ते पाणाड्याच्या नारळापेक्षा विश्वासाचं असतं. नारळवाल्यांवर माझा राग नाही. दख्खनच्या दगडात दहा ठिकाणी खणलं तर काही ठिकाणी पाणी लागतंच, आणि लागलेल्याचीच गोष्ट गावभर होते. त्यानंतर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे नकाशे. ही यंत्रणा १९७२ साली, त्याच दुष्काळाच्या काळात सुरू झाली. तिच्या निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चारदा मोजली जाते. धुळ्याकडे तर आणखी एक गोष्ट बघावी लागते. तिथं पाषाणाला चिरून वर आलेल्या उभ्या दगडी भिंती आहेत. भूगर्भवाले त्यांना डाइक म्हणतात. अशी भिंत जमिनीखाली धरणासारखी पाणी अडवते. तिच्या वरच्या अंगाला विहीर घेतली तर भरलेली, खालच्या अंगाला पन्नास पावलांवर घेतली तर कोरडी. काही ठिकाणी उलटंही, कारण भिंतच फुटलेली असते. हे जाऊन बघितल्याशिवाय कळत नाही.

विहीर झाली की तिची परीक्षा. मोटार लावून सलग उपसायचं, पातळी किती उतरते ते टेपनं मोजायचं, मोटार बंद करून पातळी किती वेळात परत चढते तेही मोजायचं. उतरण्यापेक्षा चढण्याचा वेळ जास्त बोलका. रात्रभरात जेवढं भरतं तेवढंच रोज काढायचं, हा नियम आमच्या आज्यांना कळत होता.

संडासाचा खड्डा पाण्यापासून ३० मीटर लांब आणि त्याचा तळ पाणीपातळीच्या दीड मीटर वर, असा निकष आहे. गाळाच्या जमिनीत तो ठीक आहे, कारण माती गाळणीचं काम करते. भेगाळलेल्या पाषाणात किंवा बझाड्याच्या गोट्यांत ३० मीटर काहीच नाही. तिथं अंतर वाढवावं, आणि क्लोरिन न चुकता घालावं.

इथपर्यंतचं सगळं इंजिनिअरचं काम. खरी अडचण यापुढं सुरू होते, आणि ती पुन्हा त्या तेवीस गुंठ्यांपाशी येते.

वसाहतीला लागतं ते पाणी थोडंसंच. पण ज्या साठ्यातून ते यायचं, त्यातून शेजारची दोनशे एकर बागायत पाणी उचलत असते. वसाहतीच्या विहिरीनं शेजाऱ्याची बाग सुकत नाही. शेजाऱ्याच्या ट्यूबवेलनं वसाहतीची विहीर मात्र आटते. ट्यूबवेल खोल असते, विहीर उथळ. आणि नवखा माणूस कुणाच्या बांधावर जाऊन सांगणार, की बाबा, तुझी मोटार जरा बंद ठेव? तो तर तिथं पाहुणाच. त्यात तळोद्याच्या त्या जंगलावर आसपासच्या आदिवासींचा आधीपासून वावर होता, काही जण तिथं जमीन कसत होते. त्यांच्या दृष्टीनं सरकारनं त्यांच्या ताटातलं काढून दुसऱ्याला वाढलं होतं. दोन गरीब समोरासमोर, आणि मधे एक विहीर.

कायद्याला हे माहीत नाही असं नाही. महाराष्ट्रानं १९९३ साली पिण्याच्या पाण्यासाठी भूजलाचा कायदा केला. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घ्यायची नाही. नंतर २००९ चा व्यापक कायदा आला. त्यात ६० मीटरहून खोल ती खोल विहीर मानून तिच्यावर बंधनं घातली. साठ मीटर म्हणजे दोनशे फूट. रावेर-यावलच्या पट्ट्यात दोनशे फुटांवर थांबलेली चालू ट्यूबवेल आता शोधावी लागेल. कायदा साठ मीटरवर थांबला. पाणी त्याच्या खाली निघून गेलं. आणि ५०० मीटरचं वर्तुळ कुणी आखायचं? तक्रार करायला ग्रामसेवकाकडे जायचं, तर ज्याच्या विरुद्ध तक्रार तो ग्रामपंचायतीत बसलेला.

युगांडानं यावर साधी तोड काढली. तिथं निर्वासितांसाठी येणाऱ्या मदतीतला ३० टक्के हिस्सा आसपासच्या मूळ गावांसाठी ठेवायचा, असं धोरण आहे. बोअर छावणीत आणि बोअर जुन्या गावातही. २०१६ साली उघडलेल्या बिडीबिडी वसाहतीत सुरुवातीला टँकरच होते; पुढं बोअर आणि नळ आले, ते पाहुण्यांना आणि यजमानांना मिळून. हे दयाबुद्धीनं केलेलं नाही. साठा एकच असेल तर राखणदारही दोघं हवेत, एवढा व्यवहार त्यामागं आहे. आपल्या पुनर्वसन कायद्यात नव्या गावठाणाला १८ नागरी सुविधा द्यायच्या, हे लिहिलेलं असतं. शेजारच्या जुन्या गावाला काय द्यायचं, ते मात्र त्या यादीत नसतं. मग नव्या टाकीकडे जुनं गाव कशा नजरेनं बघेल?

खरं तर पाणी मिळून राखण्याची विद्या खानदेशाला शिकवायला कुणी बाहेरून यायची गरज नाही. धुळ्याच्या बाजूला पांझरेवर फड पद्धत तीनशे-चारशे वर्षं चालली. बंधाऱ्याचं पाणी पाटानं फडांत येई. कुठल्या फडात यंदा ऊस, कुठल्यात भुसार, हे शेतकरी मिळून ठरवत; एकट्यानं उठून वेगळं पीक घ्यायची सोय नव्हती. पाटकरी, हवालदार, जागल्या ही माणसं गावानं नेमलेली, मोबदला गावानं द्यायचा. पण फडाचं पाणी डोळ्यांना दिसे. कुणी पाट फोडला तर संध्याकाळपर्यंत गावाला कळे. जमिनीखालचा पाट कुणी फोडला ते कळत नाही. ट्यूबवेलच्या धारेवर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं.

न दिसणारं पाणी मिळून राखण्याच्या त्यातल्या त्यात जवळ जातं ते साक्री तालुक्यातलं बारीपाडा. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी १९९०च्या दशकात जंगल राखायला घेतलं, कुऱ्हाडबंदी केली, दंड ठरवले. पाणी मागाहून आलं. २०२५ साली पवारांना पद्मश्री मिळाली. त्या गावानं जंगल राखून पाण्याचं काम केलं.

आता तापीच्या मोठ्या पुनर्भरण योजनेची चर्चा आहे. १० मे २०२५ रोजी भोपाळमध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशात तिचा करार झाला. पुराचं पाणी कालव्यांनी बझाड्यावर सोडायचं आणि खाली मुरवायचं, ही कल्पना. खडीच्या त्या पट्ट्याला ती शोभणारी आहे. पाणी खरंच मुरलं आणि पातळी वर आली, तर पहिल्यांदा कुणाची मोटार चालू होईल, हे मात्र कुठल्या नकाशात दाखवता येत नाही. पातळी वीस फूट चढली की तेवीस गुंठ्यांची सेहेचाळीस व्हायला एक हंगाम पुरतो. तसं होऊ द्यायचं नसेल, तर मुरवलेल्या पाण्यातला पिण्याचा वाटा आधी बाजूला काढून ठेवावा लागेल, आणि तो कुठल्या विहिरीत, किती फुटांवर आहे ते गावासमोर लिहून ठेवावं लागेल.

मला विचाराल तर कुठल्याही नव्या गावठाणाचं पहिलं काम टाकी बांधणं हे नसावं. एक नोंदवही घ्यावी. तिच्या एकाच पानावर दोन रकाने आखावेत, जुन्या गावाची विहीर आणि नव्या गावाची विहीर. जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर. मोजायला दोन्हीकडची माणसं एकत्र जावीत, टेप कुणीही सोडावा, आकडा मोठ्यानं वाचावा. मग त्याच पानाच्या मागच्या बाजूला यंदा त्या शिवारात केळीची किती झाडं लागली, तेही लिहावं.